नऊ नंबरचं रक्त

कर्वेनगर, पुणे
रविवार, १५ जून २०२५

दादा,

तू माझा नंबर ब्लॉक केलास म्हणून काल नारायण पेठेतून पाकिटांचा गठ्ठा आणला. दुकानदार म्हणाला, "हल्ली पत्रं कोण लिहितं?" मी म्हटलं, "ज्यांचे भाऊ फोन घेत नाहीत ते." यावर त्याने सुटे नाहीत म्हणून सांगितलं आणि पेपर वाचायला घेतला.

कर्वेनगरहून बिबवेवाडीला पत्र पोचायला तीन-चार दिवस लागतात म्हणे. मी चालत आले तरी त्याच्या आधी पोचेन. पण तू दार उघडशील याची खात्री नाही, आणि आईसमोर पुन्हा तमाशा मला नको आहे.

बुद्धपौर्णिमेचं तुझं वाक्य अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. खिरीची वाटी हातात धरून तू सगळ्यांसमोर म्हणालास, "उंदरांना देतेस ना? मग आईला द्यायला तुझं काय जातं?" मी म्हणाले, "आई उंदीर नाही." तुला ते उर्मट वाटलं. उर्मट होतंच, पण खोटं नव्हतं. वहिनी खाली बघत बसली, आई खिडकीबाहेर बघत बसली आणि खीर तशीच राहिली.

त्या दिवशी तू मला नीट बोलू दिलं नाहीस. आता पत्रात मधे बोलता येणार नाही, तेव्हा ऐक.

आईच्या मूत्रपिंडात पुन्हा पुन्हा जो संसर्ग होतो, त्याच्यावर तोंडाने घ्यायची एकही गोळी आता चालत नाही. एकच औषध उरलंय आणि ते शिरेतूनच द्यावं लागतं. तेच गिळायला दिलं तर पोटातलं आम्ल त्याची वाट लावतं, आणि जे काही वाचतं ते आतड्याची भिंत ओलांडून रक्तात जात नाही. म्हणून दर खेपेला दोन आठवडे सलाईन, रोजची रिक्षा, आणि तिच्या हातावर शीर शोधत बसलेली ती नर्स.

आम्ही हे औषध स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म कणांत भरतो. बेअरिंगमध्ये दोन मायक्रॉनचा फरक पडला की तू कंपनीत अख्खा नग रिजेक्ट करतोस. त्यातल्या एका मायक्रॉनचे हजार भाग कर, तो एक नॅनोमीटर. आमचा कण असतो शंभर-दीडशे नॅनोमीटरचा. आतडं त्याला जेवणातलं तेल-तूप समजून आत घेतं, आणि त्याच्या आत बसलेलं औषध रक्तात पोचतं. असे कण भरलेल्या कॅप्सूलला वरून एक कवच असतं. ते लाळेत विरघळत नाही, आम्लात विरघळत नाही, आतड्यात गेल्यावरच उघडतं. ते कवच माझं काम आहे. पीएचडी संपली तरी मी त्यालाच चिकटून बसलेय.

आता बातमी. माणसांवरच्या चाचणीला परवानगी मिळाली. भोसरीतल्या एका खाजगी केंद्रात बारा निरोगी माणसं घेणार आहेत. एक कॅप्सूल उपाशीपोटी, आठवड्याने दुसरी नाश्त्यानंतर, आणि दोन्ही वेळा दिवसभर थोड्या थोड्या वेळाने रक्त काढायचं. औषध रक्तात पोचतं की नाही, एवढंच बघायचंय. आजारी माणसाला ती इतक्यात कुणीही देणार नाही. कारण किती द्यायची ते अजून कुणालाच माहीत नाही, आणि औषध कमी पडलं तर जंतू मरत नाहीत, शहाणे होतात. आईकडे एकच औषध शिल्लक आहे. तेही चालेनासं झालं तर नर्सला शीर सापडूनही उपयोग नाही.

हे तिच्यासाठीच चाललंय. एवढं लक्षात ठेवलंस तरी पुरे.

प्रियू


कर्वेनगर
रविवार, २७ जुलै २०२५

दादा,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. पण वहिनी भाजीला बाहेर पडली की मला फोन करते, तिच्याकडून कळलं की माझं पत्र तू दोनदा वाचलंस आणि डब्याच्या पिशवीत घालून कंपनीत घेऊन गेलास. तिच्यावर चिडू नकोस. घरात कुणीतरी बोलतं असलेलं बरं. आईला मधे जरा तरतरी आली होती असंही ती म्हणाली. ऐकून बरं वाटलं.

माझ्याकडे मात्र तरतरी नाही. चाचणीचे आकडे आले. बारापैकी अकरा जणांच्या रक्तात औषध पोचलंय, आणि चांगलं पोचलंय. अकरा आलेख बघताना मी प्रयोगशाळेत खुर्चीवर बसूच शकत नव्हते. आणि मग नऊ नंबरचा आलेख उघडला.

आम्हाला फक्त नंबर कळतात. नाव, गाव, आडनाव काही विचारायचं नाही. आडनाव न विचारता माणसाला आत घेतात अशी माझ्या माहितीतली ही एकच जागा. तर हा नऊ नंबर. उपाशीपोटी शून्य, भरल्या पोटी शून्य. थोडं कमी नाही, थोडं उशिरा नाही. दिवसभर काढलेल्या रक्तात औषधाचा मागमूस नाही.

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, वैजनाथ सरांनी, चष्मा काढून पुसला. ते चष्मा पुसायला लागले की समजायचं, वाईट बोलणार आहेत. "प्रियदर्शनी, कवच उघडलेलं नाही." एवढंच म्हणाले. म्हणजे माझं काम फसलंय. कॅप्सूल तशीच्या तशी बाहेर गेली. केंद्राला विचारलं की माणसाने ती गिळली होती ना? त्यांनी कागद दाखवले. गोळी दिली, पाणी दिलं, तोंड उघडायला लावलं, जीभ वर करायला लावली, टॉर्च मारून बघितलं, सही केली. दोन्ही वेळा.

मी रोज या नऊ नंबरला शिव्या घालते. बसमध्ये, आंघोळ करताना, चहा गाळताना. अरे बाबा, तुझं आतडं आहे की पीव्हीसीचा पाईप? अकरा जणांना चाललं ते तुला का चालत नाही? तू कुठून आलास आणि माझ्याच नशिबी का आलास? तो बिचारा बसला असेल कुठेतरी भोसरीत वडापाव खात. त्याला काय माहीत, त्याच्या पोटाने माझी किती वर्षं खाल्ली.

तुला हे सांगण्यात अर्थ नाही हे कळतं. पण दुसऱ्या कुणाला सांगू? इथे मी रडले तर म्हणतील, बाईमाणूस आहे. आणि आपल्या घरात अशा वेळी तूच मला ओरडायचास. "रड झाली असेल तर पाणी पी आणि कामाला लाग." तेवढं म्हणायला तरी नंबर उघड.

प्रियू


कर्वेनगर
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

दादा,

परवा संध्याकाळी तुझा मिस्ड कॉल आला. एकच रिंग. मी लगेच उलटा फोन केला तर पुन्हा ब्लॉक. हा काय प्रकार आहे? बोलायचं असेल तर बोल, नसेल तर कशाला जीव टांगणीला लावतोस? मला वाटलं आईचं काही झालं. वहिनी फोन उचलेपर्यंत मी चपला घालून दारात उभी होते.

आणि झालंच होतं. आईला पुन्हा ताप, पुन्हा सलाईन. वहिनी सांगत होती, डाव्या हाताला शीरच मिळत नाही, मनगटाजवळ टोचलं तर तिथेही सूज आली. तू मिस्ड कॉल देण्याऐवजी हे सांगितलं असतंस तर मी रजा टाकून आले असते. मला बोलवायला तुझा मान आडवा येतो, आणि सलाईनच्या बाटलीखाली ती बसते.

इकडे मी कवच पुन्हा तपासलं. त्याच बॅचच्या उरलेल्या कॅप्सूल आम्लात टाकल्या, लाळेसारख्या द्रावात टाकल्या, आतड्यासारख्या द्रावात टाकल्या. थंड करून, गरम करून, हलवून, न हलवता. जिथे उघडू नये तिथे एकही उघडली नाही आणि जिथे उघडावी तिथे एकूणएक उघडली. बाहेर ढोलपथकांचा सराव, आत मी, मांडीवर टायमर. कवचात काहीही खोट नाही. मग त्या माणसाच्या पोटात झालं काय? याला उत्तरच नाही आणि त्यामुळे मला झोप नाही.

पैसे पुरवणाऱ्या कंपनीने स्पष्ट सांगितलंय. सप्टेंबरअखेर नऊ नंबरचं कारण सापडलं नाही तर चाचणी बंद. सर म्हणाले, "बारात एक म्हणजे लाखात आठ हजार. ते गोळी घेतील, त्यांना वाटेल औषध चालू आहे, आणि रक्तात काहीच नसेल. त्यांच्या घरच्यांना काय सांगणार तू?" सर बरोबर बोलत होते, त्याचाच जास्त संताप आला.

मी येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी आईला भेटायला येणार आहे. विसर्जन झालेलं असेल, रस्ते मोकळे असतील. तुला तोंड बघायचं नसेल तर ओव्हरटाइम घे.

प्रियू


कर्वेनगर
रविवार, ७ सप्टेंबर २०२५

दादा,

तू ओव्हरटाइम घेतलास. बरं झालं. आज तू समोर असतास तर मी काय केलं असतं, मला सांगता येत नाही.

वहिनीने दार उघडलं. आई तिच्या फॉल-पिकोच्या मशिनशेजारी पलंगावर पडली होती. दोन्ही हात निळे-काळे. मी काही बोलायच्या आत वहिनी भाबडेपणाने म्हणाली, "प्रियाताई, तुमच्या त्या गोळीनं आईंना दोन दिवस किती बरं वाटलं होतं हो. अजून मिळाल्या असत्या तर." मी विचारलं, "कोणती गोळी?" वहिनीने जीभ चावली. आईने तिला चहा टाकायला पाठवलं.

मग आई उठली, मशिनचा खण ओढला आणि बॉबिनची डबी काढून माझ्या हातात दिली. "घे. तुझं सामान आहे." आत रंगीत दोऱ्यांच्या बॉबिनमध्ये दोन कॅप्सूल. माझ्या. एका बाजूने चकाकी जरा गेलेली, बाकी जशाच्या तशा.

माझा आधी विश्वासच बसेना. मग सगळं एका पाठोपाठ एक समोर आलं. डाव्या बाजूची तुझी काढलेली दाढ. लहानपणी जंताची कडू गोळी तू तिथेच गालात दाबून धरायचास, बाबांना आ करून दाखवायचास आणि मग मोरीत जाऊन थुंकायचास. भोसरीचं केंद्र तुझ्या कंपनीपासून रिक्षाच्या अंतरावर. आणि तिथे चाचणी आहे हे तुला कळवणारी मीच, पाकिटाला तिकीट लावून.

मी असं कवच बनवलं की ते तोंडात विरघळू नये. ते तुझ्या गालात विरघळलं नाही. अभिनंदन, दादा. माझं कवच उत्तम आहे. गेला दीड महिना मी त्याच्यात खोट शोधत होते.

"कुणी नातेवाईक या संशोधनात आहे का?" याच्यापुढे तू "नाही" लिहिलं असणार. ब्लॉक केलेली बहीण नात्यात धरत नसतील. माझी पत्रं तू वाचत होतास. नऊ नंबरला घातलेल्या शिव्या वाचत होतास. चाचणी बंद पडतेय हे वाचलंस, आणि एक रिंग देऊन फोन ठेवलास. तुला आईला वाचवायचं होतं आणि आईला वाचवणारी गोष्टच तू बंद पाडायला निघालास. मला इतका राग आलाय की अक्षर वेडंवाकडं येतंय, ते चालवून घे.

आणि तरीही एक गोष्ट मनातून जात नाही. सुई दिसली की तुला घेरी येते. दहावीत धनुर्वाताचं इंजेक्शन घेताना तू दवाखान्यात आडवा झाला होतास. असा तू दोन दिवस, दिवसभर, हात पुढे करून बसलास. रक्तात काही सापडणार नाही हे माहीत असताना रक्त देत राहिलास. मी त्या आलेखावर इतक्या वेळा बोट ठेवलं, आणि ते तुझं रक्त होतं.

आईने तुला सांगितलं की गोळ्या घेतल्या, बरं वाटतंय. का खोटं बोलली, आणि का घेतल्या नाहीत, मी विचारलं. ती म्हणाली, "चहा गार होतोय."

आता ऐक. मी आत्ताच सरांना फोन करून सगळं सांगितलं. गप्प बसणं सोपं होतं. पण मी गप्प बसले तर नऊ नंबर म्हणजे माझं फसलेलं कवचच राहतं आणि गोळी महिनाअखेर संपते. सांगितलं तर लोक म्हणणार, भावाला हिनेच आत घुसवला. म्हणू देत. मंगळवारी २३ तारखेला, सकाळी अकराला चाचण्यांना परवानगी देणाऱ्या नीतिसमितीची बैठक आहे, आमच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. कॅप्सूल पुरावा म्हणून दाखवता येतील, पण त्या गिळल्या नाहीत हे तुला तुझ्या तोंडाने सांगावं लागेल. आईने डबी परत घेतली; म्हणते, तीच घेऊन येणार, माझ्या हातात पुन्हा देणार नाही.

तुझी सेकंड शिफ्ट आहे, सकाळ मोकळी आहे. मी वहिनीला विचारलंय.

प्रियू


कर्वेनगर
मंगळवार, २३ सप्टेंबर २०२५

दादा,

तू आलास. इस्त्रीचा शर्ट घालून, आईला धरून जिना चढवत आलास. माझ्याशी बोलला नाहीस, पण आलास.

एकेकाला आत बोलावल्यामुळे तू काय सांगितलंस ते मला कळलं नाही. बाहेर आलास तेव्हा कान लाल झाले होते. मग आईला आणि मला एकत्र बोलावलं, आणि आम्ही परत येईपर्यंत तू कंपनीची बस पकडायला निघून गेला होतास. म्हणून हे लिहितेय. आई तुला घरी यातलं काही सांगणार नाही.

आधी निकाल सांगते. डबीतल्या कॅप्सूलवरचा बॅच नंबर आमचाच निघाला. नऊ नंबर बाद. त्याच्या जागी दुसरा माणूस घेऊन चाचणी पुढे चालणार. तुला यापुढे कुठल्याही चाचणीत घेणार नाहीत. मला या चाचणीपुरतं बाजूला केलंय. निकाल लागेपर्यंत मी आकड्यांना हात लावायचा नाही. माझी गोळी आता माझ्याशिवाय पुढे जाणार, आणि मी दाराबाहेर उभी राहून बघणार. याचा राग मला अजून पुष्कळ दिवस पुरेल. त्यातला निम्मा तुझ्या वाट्याचा आहे.

आता आतलं. समितीच्या अध्यक्षा म्हणजे एक वयस्कर डॉक्टरीणबाई. त्यांनी आईला खुर्ची दिली. आईने डबी टेबलावर ठेवली, पण हात तिच्यावरच. बाईंनी मऊ आवाजात विचारलं, "सुंदराबाई, तुम्हाला इतका त्रास होता. मुलाने औषध आणून हातात दिलं. मग घेतलं का नाही?"

आई म्हणाली, "माझी पोरगी नाही म्हणाली होती."

"पण ते तिनेच बनवलेलं औषध होतं."

"म्हणून तर. मला द्यायचं झालं की तीच घेऊन येईल. दुसऱ्या कुणाच्या हातनं नाही पाठवायची ती. मी तिची वाट बघतेय."

वैजनाथ सरांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. मी भिंतीकडे बघत होते.

मग बाईंनी विचारलं, "मग मुलाला का सांगितलंत की घेतलं, बरं वाटलं?"

आईने डबीवरचा हात काढला. म्हणाली, "बाई, त्याला सुईचं भ्या वाटतं. लहानपणापासनं. घरी आला तेव्हा दोन्ही हात टोचलेले होते, शर्टाच्या बाह्या खाली करून आला होता. त्याला कसं सांगू, एवढं करून फुकट गेलं म्हणून?"

बाईंनी डबी आपल्याकडे ओढून घेतली.

खाली आल्यावर आई पायरीवर बसली. तू नाहीस हे बघून म्हणाली, "गेला वाटतं. डबा नेला का त्यानं?" मी हो म्हटलं. मला माहीत नव्हतं.

उद्यापासून तिची पुन्हा सलाईन सुरू होतेय, तिला मी नेणार. नर्सला म्हणावं, आता उजव्या हाताला बघ. आणि हे पत्र पोचायच्या आत नंबर उघड, म्हणजे पुढचं पाकीट वाया जाईल.

प्रियू